वीस तासांवरचं लेकरू

"अव्वा, इथं अमेरिकेत अंतर मैलात न्हाई, तासात सांगतात. मी तुझ्यापासून फक्त वीस तासांवर हाय," संगमेश फोनवर म्हणाला, तेव्हापासून शरणम्माचा तोराच वाढला. उदगीरच्या आख्ख्या गल्लीला ती सुनावायची, "तुमची पुण्यातली पोरं दिवाळीलाबी येईनात. माझं लेकरू वीस तासांवर हाय!"

नवरा गेला. लिंगायत रिवाजाप्रमाणं त्याला भस्म लावून भिंतीशी बसवलं. विधीला आलेल्या स्वामींनी माती द्यायची घाई केली, तशी ती कडाडली, "कळवलंय लेकराला. वीस तासच तर हायत. तवर ह्यांना कुणी हात लावायचा न्हाई!"

दुसऱ्या दिवशी दुपारी संगमेशचा व्हिडिओ कॉल आला.


"अव्वा, मोबाईल जरा अप्पांच्या तोंडासमोर धर."