न उच्चारायची अक्षरं

"पुन्हा," श्वेता म्हणाली. "फ्रेंचमध्ये सांग. 'ते बोलतात'."

"ईल पारलेंत," शुभंकर म्हणाला.

तिने वहीतला शब्द पेन्सिलीने तोडून दाखवला. "शेवटची तीन अक्षरं लिहायची, बोलायची नाहीत. ईल पार्ल. संपलं. आता, 'आपण संपवतो'. फी, नी, सों. तीन ठोके."

शुभंकरने टेबलावर बोटाने चार ठोके दिले.

बंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या त्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं रोज संध्याकाळी हेच चाललं होतं. श्वेता पुण्याला कॉलेजात फ्रेंच शिकली होती. कॅनडाला जायचा हट्ट तिचा, पण अर्ज त्याच्या नावाने. होसकोट्याच्या कारखान्यात तो इंजिनिअर होता आणि तशी माणसं कॅनडात हवी होती. घोडं अडलं होतं ते त्याच्या फ्रेंचवर. तीनदा फ्रेंचच्या परीक्षेला गेला. तिन्ही वेळा निकाल आल्यावर म्हणाला, "बोलण्यात गेलो." मार्चमध्ये तो चाळिशी ओलांडणार होता. मग वयाचे गुण कमी होणार, आणि अर्जाला काही अर्थच उरणार नव्हता.

आतून सासऱ्यांनी हाक मारली. पहिल्या परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच सूर्यकांतरावांना अर्धांगवायूचा झटका आला होता. तेव्हापासून मुलाशिवाय कोणाच्याही हातून ते घास घेत नसत. शुभंकर उठला.

"केअर होममधून फोन होता," श्वेता हळूच म्हणाली. "बाबांसाठी खोली राखून ठेवलीय. किती दिवस थांबवू त्यांना?"

"आधी पास तर होऊ दे," तो म्हणाला आणि भाताची वाटी घेऊन आत गेला.

श्वेता वहीकडे बघत बसली. नागपूरहून आल्यावर सहा महिन्यांत कामगारांशी कन्नडमध्ये गप्पा मारू लागलेला हा माणूस. त्याची जीभ इथेच का वळत नाही? तिला त्याची कीव आली, मग राग आला, आणि मग वाटलं, आपल्यालाच शिकवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला न सांगता ती जयनगरच्या परीक्षा केंद्रावर गेली. काउंटरवरच्या बाईंना तिने हिंदीत विनवलं.

"माझ्या नवऱ्याला व्याकरण सगळं येतं. फक्त उच्चारात जातो. तीनदा नापास झालाय. नेमकं कुठे चुकतं तेवढं सांगा. माझ्या हातात आता काही राहिलं नाही."

"स्वल्प, थोडं थांबा," कन्नड मिसळून म्हणत बाईंनी नाव, जन्मतारीख विचारून कॉम्प्युटरवर शोधलं. मग पुन्हा शोधलं.

"मॅडम, नाव हेच ना? यांची एकच परीक्षा दिसतेय. दीड वर्षापूर्वीची. पास आहेत. सर्टिफिकेट स्वतः सही करून घेऊन गेलेत." त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "उच्चाराला पैकीच्या पैकी."