डोमाजीचा डावा तळवा

"कोणी मानणार नाही, आधीच सांगून ठेवतो," डोमाजी म्हणाला. "पण म्या या तळव्यानं घड्याळ पाह्यलं हाय. डोळ्यानं नाही. तळव्यानं."

तो बाजेवर पालथा पडला होता. पाठीचं दुखणं पुन्हा सुरू झाल्यापासून त्याला उताणं निजवत नव्हतं. तोंड अंगणाकडे, तिथे नत्थुजी आणि खुशालराव बसलेले. पाय भिंतीकडे, तिथे त्याची बायको पंचफुला तुरी निवडत होती. चांदूर रेल्वेची दुपारची पॅसेंजर गेली की ही बैठक रोज भरायची.

"अकोल्याच्या कापसाच्या जिनात तीन पुरुष उंच ढीग. वर आमी चार गडी कापूस तुडवून राहिलो. तेवढ्यात तळव्याले लागलं. टिक, टिक, टिक. म्या हात वर केला. थांबा म्हटलं, खाली मुनीमजीचं घड्याळ हाय. अन् पावणेचार वाजले."

"मंग? निघालं?" खुशालरावांनी विचारलं.

"ढीग उपसला तं पार तळाशी निघालं. पण पावणेचार नव्हते त्याच्यात."

"किती होते?"

"तीन चाळीस. मुनीमजी चावी द्याले विसरले होते. तळव्याची काही चूक नाही त्याच्यात."

नत्थुजीला हसता हसता ठसका लागला. "अन् बंडीवरून पडले तवा काय आयकत होते बाप्पा? रेडिओ?"

डोमाजीही हसला. पंचफुला हसली नाही.

मागल्या सुगीत तो अकोल्याच्या बाजारात कापसाच्या भरल्या बंडीवरून पाठीवर आदळला होता. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन झालं. सहा महिने बरे गेले. मग डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. जखम भरताना आत गाठ धरली होती, नस परत दबत होती.

"पाठ दुसऱ्यांदा उघडणं सोपं नाही," ते पंचफुलाला म्हणाले होते. "पाय वाचेल, नाहीतर दोन्ही जातील. तळव्याला कळतंय तोवर थांबता येईल. कळेनासं झालं की त्याच दिवशी घेऊन या. मग आठ दिवस जरी घरी काढलेत, तर उघडूनही काही हाती लागणार नाही."

तेव्हापासून पंचफुला रोज दिवेलागणीला खराट्याची काडी त्याच्या डाव्या तळव्यावरून ओढायची. हातभर बांगड्या किणकिणायच्या.

"कळते ना?"

"कळते म्हंजे? कातडी सोलतं का माही?"

तो रोज बरोबर सांगायचा. एकदाही चुकला नव्हता. मग ती सुटकेचा श्वास टाकून चुलीकडे जायची आणि अमरावतीची गाडी आणखी एक दिवस पुढे ढकलली जायची.

एक गोष्ट मात्र डोमाजीने कोणाला सांगितली नव्हती. दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खाटेवर मोर्शीचा एक गवंडी होता. त्याचीही पाठ दुसऱ्यांदा उघडायची ठरली. सकाळी नेला. दुपारी त्याची चादर धुवायला गेली, गादी गुंडाळली, आणि संध्याकाळी त्या खाटेवर दुसराच माणूस आला. डोमाजीच्या साऱ्या गोष्टींत ही एकच खरी होती, आणि तीच त्याच्या तोंडून निघत नव्हती.

"अवो," मागून पंचफुला म्हणाली, "पायात काटा हाय तुमच्या. बाभळीचा. आतच मोडला."

डोमाजीने आठवून पाहिलं. सकाळी तो काठी टेकत परसात जाऊन आला होता.

"माहीत हाय मले. सकाळपासून ठणकून राह्यला. म्हटलं तुह्या मागं काम, कायले सांगू."

"लय खोल हाय. बिबा द्या लागन."

"दे ना. म्या का भेतो?" त्याने अंगणाकडे पाहून डोळा मारला. "एकदा जिनात अख्खी बाभूळ टोचली होती मले..."

पंचफुला उठली. फडताळातून बिबा काढला, सुईला टोचला. भर दुपारी चिमणी पेटवली. परत येऊन भिंतीशी बसली, डावा पाय मांडीवर घेतला. हातातल्या बांगड्या तिने वर सरकवून कोपराशी घट्ट बसवल्या. बिब्याचं कढत तेल तळव्यावर टेकलं की चांगला धिप्पाड गडीही लहान लेकरासारखा ओरडतो, हे साऱ्या गावाला माहीत होतं. खुशालरावांनी आधीच तोंड वाकडं केलं.

"अख्खी बाभूळ, शेंगांसकट," डोमाजी सांगत होता, पण आवाज आता सावकाश निघत होता. मध्येच तो थांबत होता. कान मागे लागले होते.

बिब्याचा उग्र वास पसरला. तेल सुटलं आणि चर्र आवाज झाला.

"अगं आई वं! मेलो, मेलो!" डोमाजीने बाजेची दोरी दोन्ही हातांनी धरली. डोळ्यांत खरंखुरं पाणी आणलं. "जाळतं का मले? हळू दे ना वं!"

नत्थुजीने मांडीवर थाप मारली. "तळवा जागा हाय बुवाचा! कायची अमरावती अन् कायचं ऑपरेशन!"

पंचफुला नवऱ्याच्या पाठीवरच्या लांब, गुलाबी व्रणाकडे बघत राहिली.

"ओरडता काहून?" ती म्हणाली. "बिबा अजून चिमणीवरच हाय."