म्हशीचं वळण

ओढ्याच्या वळणावर गाडी आपोआप थांबली, तशी मागच्या सीटवर रेवतीने कळ सोसत वडिलांचा हात घट्ट धरला. पहिलं बाळंतपण, आणि दवाखाना अजून अकरा किलोमीटर.

"रस्ता मोकळा आहे, चल ना," विलासराव गाडीला म्हणाले.

"इथे म्हैस आडवी येते," गाडी म्हणाली. "विम्याच्या क्लेममध्ये नोंद आहे. दोन मिनिटं थांबून खात्री करावी लागेल."

सगळ्याच गाड्या इथे थांबायच्या. लोकांच्या क्लेममधूनच त्या रस्ते शिकल्या होत्या. गाड्या थांबतात म्हणून पारूबाईने इथे पेरूची पाटी मांडली होती. आताही ती दोन पेरू घेऊन काचेकडे येत होती.

"ती नोंद काढून टाक."

"क्लेम करणाऱ्याने तो खोटा होता असं सांगितलं तरच काढता येते. मग कंपनीला कळवावं लागेल."

रेवती पुन्हा कण्हली. बाबांनी म्हशीला वाचवताना गाडी झाडावर घातली, हे तिने शाळेत कितीजणींना सांगितलं होतं.

"म्हैस नव्हतीच," विलासराव खाली बघत म्हणाले. "घराच्या फाटकावर ठोकली होती मी गाडी. क्लेम माझाच होता."

रेवतीने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. गाडी निघाली.

मागची गाडी थांबली नाही. तिच्यामागचीही नाही. हातात पेरू घेऊन पारूबाई कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत उभी राहिली.