ठकीचा वाटा

आई मेलेलं एक डुकराचं पिल्लू डुकरं पाळणाऱ्याच्या बायकोने बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. नाव ठेवलं ठकी. डुकरांचं वजन भरलं की ट्रक येतो आणि त्यांना खाटकाकडे नेतो, हे बायकोला ठाऊक होतं. म्हणून ती ठकीच्या वाट्याचा भरडा काढून घ्यायची आणि तिच्यापुढे नुसतं कोंड्याचं पाणी ठेवायची. ठकी भांडं चाटून चाटून ओरडायची.

"गप गं बाई," ती म्हणायची, "बारीक राहिलीस तरच राहशील."

ट्रक आला. नवऱ्याने सगळी डुकरं चढवली आणि शेवटी ठकीलाही ट्रकला लावलेल्या फळीकडे हाकललं.

बायकोने ठकीच्या गळ्यातली दोरी धरली. "अहो, तिला कशाला? तिचं वजन कुठे भरलंय?"

"म्हणूनच तर." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "या खेपेला विणीची मादी विकत आणायची नाही, घरचीच ठेवायची, असं ठरवलं होतं मी. ठकीच मनात होती. तू हसशील म्हणून बोललो नाही. पण वाढीच्या वयात खुंटलेली मादी पुढे पिल्लं कशी पेलणार?"

"मी घालते ना तिला खायला! भरपूर घालते. थोडे दिवस थांबा हो."

त्याने हळूच तिच्या हातातली दोरी सोडवून घेतली.

"वेडी आहेस का? तू काय कमी घातलंस तिला? तिच्याच अंगी लागलं नाही, त्याला तू काय करणार?"