उजव्या हातातल्या बांगड्या

"पडा खाली! मोहोळ उठलं!"

वरून प्रितमचा एवढाच आवाज आला. पुढे काही नाही. हर्षाने मान वर केली. माथ्याखालच्या काळ्या कड्यावरून भर उन्हात धुरासारखं काहीतरी सुटलं होतं आणि उताराने त्यांच्याकडेच येत होतं.

कुणीतरी तिचा दंड धरून तिला खाली ओढलं. तिची मोठी जाऊ, रुखमा. जेवायला बसण्यासाठी आणलेली सतरंजी रुखमाने एका झटक्यात उलगडली, हर्षाला तिच्याखाली दाबलं आणि स्वतःही आत शिरली.

"हलू नोको. तोंडावर पदर घे."

दिवाळीत चुली वेगळ्या झाल्यापासून रुखमा तिच्याशी पहिल्यांदा बोलली, ती आत्ता. सकाळी एकोडीहून निघाल्यापासून दोघी जावा एकाच पायवाटेने, एकीमागे एक, तोंड न उघडता पहाडी चढत होत्या. वैशाखात साऱ्या घराने मिळून माथ्यावरच्या देवाला निवेद दाखवायचा, ही रीत काही चुलींबरोबर वेगळी झाली नव्हती. रुखमाचा नवरा भय्याजी थोरला, हर्षाचा प्रितम धाकटा, दोघे सख्खे भाऊ. लाकडं आणि भांडी घेऊन ते पुढे गेले होते. त्यांनी वर चूल पेटवली असणार आणि धूर कड्यावरच्या मोहोळाला लागला असणार.

सतरंजीवर गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर उतरली. कापड अंगावर थरथरू लागलं. आत श्वास घ्यायला जागा नव्हती, घाम डोळ्यांत जात होता. हर्षाच्या बाजूने सतरंजी आखूड पडत होती आणि उताराच्या वाऱ्याने तिचा काठ उचलला जात होता. तेवढ्यात रुखमाचा उजवा हात तिच्या पाठीवरून पलीकडे गेला आणि तिने तो काठ बाहेरून दाबून धरला.

"बाई, हात आत घ्या."

"चूप राय."

रुखमाचं अंग एकदा ताडकन उडालं. मग पुन्हा. मग किती वेळा, ते हर्षाला कळेनासं झालं. प्रत्येक वेळी रुखमा फक्त नाकाने श्वास ओढत होती. हात मात्र तिने काढला नाही. आणि हर्षाच्या डोक्यात एकच घोळत होतं, वर सतरंजी नाही. वर त्या दोघांकडे काहीच नाही.

घरघर विरळ झाली, लांब गेली. तरी दोघी बराच वेळ तशाच पडून राहिल्या.

शेवटी हर्षाने सतरंजी सारली आणि रुखमाचा हात पाहिला. कोपरापर्यंत टम्म सुजला होता. मनगटातल्या हिरव्या बांगड्या मांसात रुतून बसल्या होत्या. बोटांची टोकं निळी पडत चालली होती.

"प्रितम!" हर्षाने हाक मारली. पहाडीने उत्तर दिलं नाही. तिने फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

"ओ गोलूचे बाबा!" रुखमा ओरडली. नवऱ्याला ती कायम मुलाच्याच नावाने हाक मारायची. तिलाही उत्तर आलं नाही.

हर्षाने नखाने जमतील तेवढे माश्यांचे काटे खरवडून काढले आणि शेजारचा एक दगड उचलला.

"बाई, बांगड्या वाढवा लागते. बोटं निळी पडून राहिली."

रुखमाने हात छातीशी ओढला. "नाही. त्याइले खाली येऊ दे आधी."

"तवरिक हात जाईन तुमचा."

"जाऊ दे."

ती माथ्याकडे बघत होती. हर्षाला त्याचा अर्थ कळला. नवरा कसा आहे ते कळायच्या आधी बायकोच्या बांगड्या फोडायच्या. वरून काही वाईट खबर आली, तर गावात जन्मभर एकच बोललं जाईल, धाकटीने अपशकुन केला म्हणून. आणि तिचा स्वतःचा नवराही वरच होता.

तिने पुन्हा त्या बोटांकडे पाहिलं. मग रुखमाचं कोपर गुडघ्याखाली दाबलं, बांगड्यांवर पदराचं टोक टाकलं आणि दगड मारला.

रुखमाने डाव्या हाताने तिच्या खांद्यावर, डोक्यावर फटके घातले. "सोड! सोड म्हनते ना!" हर्षाने सोडलं नाही. थोड्या वेळाने फटके थांबले. रुखमाने तोंड माथ्याकडे वळवलं आणि प्रत्येक बांगडी फुटली की ती हाक मारत गेली, "गोलूचे बाबा! ओ गोलूचे बाबा!"

शेवटची बांगडी निघाली तेव्हा मनगटावर रक्ताची बारीक रेघ होती. बोटांत हळूहळू रंग परत येऊ लागला. ऊन अंगात घुसत होतं.

मग वर दगड गडगडले. आधी प्रितम दिसला, एक डोळा सुजून मिटलेला. त्याच्या मागे त्याचा खांदा धरून भय्याजी. ओठ सुजलेले, कपडे काजळीने माखलेले.

"चुलीवर ओला पाला टाकला अन् धुरातच बसून राह्यलो," प्रितम म्हणाला. "फोन वाजे, पन हात कोन बाहेर काढते!"



भय्याजींनी बायकोचं रिकामं मनगट पाहिलं. मग खडकावर सांडलेल्या हिरव्या काचा पाहिल्या. चेहरा कसनुसा झाला.

"हे कोनं केलं?"

हर्षाने थोरल्या दिरांसमोर पदर पुढे ओढला.

"मीनंच सांगतलं तिले," रुखमा म्हणाली. डावा हात हर्षाच्या खांद्यावर टेकून ती उठली. "चाल वं हर्षा, माही एक चप्पल कुठं पडली, पाह्य बरं."