तळ्याची हद्द

साहेबांनी चहाला नाही म्हटलं, तेव्हाच गल्लीचा जीव भांड्यात पडला.

याआधी नगरपालिकेची माणसं तळं बघायला येऊन गेली होती. त्यांनी चहा घेतला, बिस्किटं खाल्ली आणि परत जाऊन सांगितलं, की तिथे तळं नाही, नुसतं डबकं आहे. नगररचनेचे हे नवे साहेब मात्र पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायले.

"हा गडी खाणाऱ्यातला नाही," मोजणीकाका टेलरबाईंच्या कानाशी पुटपुटले. "आता फक्त रेघ दाखवा."

मोजणीकाका सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. गेल्या वर्षी गल्लीत भाड्याने राहायला आले आणि बिल्डरने तळं बुजवायला घेतलं तेव्हा आपणहून मदतीला धावले. अर्ज कुठे द्यायचा, कुणासमोर काय बोलायचं, सगळं त्यांनीच शिकवलं, आणि तेही फुकट. टेलरबाई त्यांना सख्ख्या काकांच्या जागी मानायच्या.

अर्धं तळं एव्हाना बुजलंही होतं. राडारोडा ओतून ओतून बिल्डरने तिथे पुरुषभर उंच भराव केला होता. भरावावर त्याचा भलामोठा बोर्ड उभा होता, पण जाड कापडाने झाकलेला. तळ्यात पहिला ट्रक रिकामा होण्याआधीपासून तो तसाच होता. ते कापड टेलरबाईंनीच शिवून दिलेलं, कशावर घालायचंय हे न विचारता.

"बाई, बिल्डरची अब्रू तुम्हीच झाकलीत!" गल्ली त्यांना चिडवायची. परवानगी नाही म्हणून बोर्ड उघडायची त्याची छाती होत नाही, असं सगळे धरून चालले होते.

तळं कागदावरून गेलं की बिल्डरचे मनोरे उभे राहणार, आणि मग तो गल्लीलाही हात घालणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. टेलरबाईंना दुसरीकडे थारा नव्हता. नवरा गेल्यापासून त्या आणि सासरे याच खोलीत, याच शिलाई मशीनवर जगत होते.

साहेब खोलीत आले. कापडाचे गठ्ठे, खाटेवर पडलेले सासरे, मशीनच्या वर भिंतीवर खडूची रेघ.

"तळ्याचं पाणी कुठवर आलं होतं?"

"इथवर, साहेब. मशीन माळ्यावर चढवावं लागलं होतं."

खरं तर पाणी गुडघ्याएवढंच आलं होतं. 'थोडं वर दाखवू,' मोजणीकाका म्हणाले होते, 'तळं जेवढं मोठं, तेवढी आपली बाजू भक्कम.' आणि बाईंचाच खडू घेऊन रेघ त्यांनी मारून दिली होती.

"अगं सूनबाई," खाटेवरून सासरे म्हणाले, "ते पाणी तळ्याचं कुठे होतं? मोठा पाइप फुटला होता तेव्हा. तळ्याचं पाणी आपल्या उंबऱ्याला कधी—"

"बाबा, तुम्ही पडून राहा." बाई घाईने साहेबांकडे वळल्या. "वय झालंय त्यांचं. काहीही बोलतात."

सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मोजणीकाकांनी मान डोलावली तसा बाईंना धीर आला.

साहेबांनी तिवईवर दुर्बीण लावली, रेघेची उंची घेतली आणि बाहेर येऊन तीच उंची तळ्याभोवती फिरवली.

"या उंचीच्या खाली येईल ते तळं. मान्य आहे?"

"मान्य!" सगळी गल्ली एका सुरात ओरडली.

महिन्याभराने साहेब निकाल घेऊन तळ्यावर आले. बिल्डर मान खाली घालून बाजूला उभा होता.

"हे तळंच आहे," साहेब म्हणाले. "त्याच्या हद्दीत एक वीटसुद्धा राहणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टेलरबाई चक्क रडल्या. आपल्यासारख्यांचंही कुणी ऐकतं, हे त्यांना खरंच वाटेना.

"ताई, तुमची कात्री द्या जरा," मोजणीकाका म्हणाले.

"का, फीत कापताय?" बाईंनी डोळे पुसत कमरेची कात्री काढून दिली आणि सासऱ्यांना बातमी सांगायला त्या घराकडे पळाल्या.

घरात नगरपालिकेचा रंगारी होता. हातात लाल रंगाचा डबा.

"मावशी, मशीन सरकवा."

"इथे कसला रंग? तळं तिकडे आहे."

"तळ्याची हद्द मारायचीय." त्याने खडूच्या रेघेवरून ब्रश ओढला. "या उंचीच्या खालचं सगळं तळ्यात. पूर्ण गल्ली जाते. आठवड्यात खोली रिकामी करा."

"आणि बिल्डरचा भराव?"

"तो उंच आहे ना. तो हद्दीबाहेर."

बाईंनी त्याचा ब्रश धरला. "अहो, पाणी तळ्याचं नव्हतंच! पाइप फुटला होता! बाबा, सांगा ना यांना!"

सासऱ्यांनी कूससुद्धा बदलली नाही.

"मी काय सांगू? माझं वय झालंय."

बाई अनवाणीच धावत सुटल्या. एकच माणूस यातून काही वाट काढू शकला असता. भरावावर खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब बिल्डरशेजारी बसून चहा पीत होते. मोजणीकाका त्यांच्याकडे पाठ करून बोर्डापाशी उभे होते, हातात बाईंची कात्री.

त्यांनी एकेक दोरी कापली आणि कापड खाली आलं. वर्षभर त्याखाली जपलेल्या चित्रात भरावावर मनोरे होते, समोर काठोकाठ भरलेलं तळं होतं, आणि गल्लीच्या जागी पाणी.