दिगंबरची शिटी

यशवंतराव धमतरीच्या छोट्या लाईनवर इंजिन चालवत, तेव्हाची एक पितळी शिटी त्यांनी जपून ठेवली होती. वाफेची इंजिनं केव्हाच भंगारात गेली. पण त्यांच्या मुलाच्या, निरंजनच्या, सिलतऱ्यातल्या वर्कशॉपमध्ये मोठा कॉम्प्रेसर होता. एका दुपारी त्याने हवेच्या नळीला ती शिटी जोडून दिली.

"आईलेही ऐकवू," म्हणत त्याने रायपूरला तात्यापाऱ्यातल्या घरी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

शिटी द्यायची प्रत्येक ड्रायव्हरची तऱ्हा वेगळी असे. यशवंतरावांची एक लांब, दोन तोकड्या. रायपूर जवळ आलं की ते ती देत आणि ती ऐकून घरी त्यांची बायको, विमलाबाई, भात चढवत.

यशवंतरावांनी व्हॉल्व्ह उघडला. आधी दोन तोकड्या वाजल्या, मग हळूहळू चढत गेलेली एक लांब.

"उलटी काहून वाजवली, बाबा?"

"मी नाही वाजवली अशी."

ती तऱ्हा दिगंबरची होती. त्याच लाईनवरचा ड्रायव्हर, त्यांचा जिवाभावाचा मित्र. त्याच्या चितेला लाकडं यशवंतरावांनीच रचली होती.

त्यांनी पुन्हा व्हॉल्व्ह फिरवला. पुन्हा तीच.

फोनमधून घाईघाईने दाराची कडी काढल्याचा आवाज आला. मग विमलाबाई बोलल्या, हसऱ्या, हलक्या आवाजात. त्या आवाजात त्या यशवंतरावांशी कधीच बोलल्या नव्हत्या.

"या नं. ते ड्यूटीवर गेले."

आणि उंबऱ्याशी कोणीतरी जड बूट काढून ठेवला. थोडं थांबून, दुसरा.